पणजीजवळ भाड्याचं घर आणि मुलांच्या शाळा: आधी पूल बघा, मग एरिया

ताई, कोल्हापूरहून पणजीतल्या पाटोच्या ऑफिसात बदली, मुलगी सेमी-इंग्रजीतून सातवीत जाणार, मुलगा पहिलीत, भाडं पंचवीस हजारांच्या आत, आणि "गोव्यात चांगल्या शाळांचा एरिया कुठला?" असा तुमचा प्रश्न. तेरा वर्षांपूर्वी कुडाळहून इथे आलो तेव्हा मीही हाच प्रश्न घेऊन फिरत होतो. तीन घरं बदलल्यावर कळलं की प्रश्नच चुकीचा होता.

पुण्या-कोल्हापुरात चांगल्या शाळांचे भाग असतात, तसे गोव्यात नाहीत. म्हापशात जनता हायस्कूल आणि सेंट ब्रिटोज, फोंड्यात आल्मेदा आणि दादा वैद्य, मडगावात लॉयोला आणि फातिमा कॉन्व्हेंट, पणजीत डॉन बॉस्को, पीपल्स, मुष्टिफंड. प्रत्येक शहराला स्वतःच्या जुन्या, नावाजलेल्या शाळा आहेत. त्यामुळे शाळेसाठी अमुकच गावात राहायला हवं असं काही नाही. पण मांडवी नदीच्या अलीकडे पणजी, पलीकडे पर्वरी. घर एका बाजूला आणि शाळा दुसऱ्या बाजूला पडली, की रोज सकाळी पुलावरून मांडवी ओलांडायची. मांडवीवरचा नवा पूल, अटल सेतू, २०१९ साली खुला झाला, तरी पर्वरीत उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून सकाळी तिथल्या हायवेचं काय होतं ते एकदा साडेसातला उभं राहून बघाच. म्हणून माझं सांगणं एवढंच: आधी शाळा, मग घर, आणि दोन्ही पुलाच्या एकाच अंगाला. ऑफिस पलीकडे असलं तर चालेल. मोठं माणूस ट्रॅफिकमध्ये अडकलं तर चिडतं, पोर अडकलं तर पहिला तास बुडतो.

आता शाळेचं. इथे बहुतेक शाळा सकाळच्या. पावणेआठ-आठला भरतात, दीडच्या आसपास सुटतात. कोल्हापुरात दुपारची शाळा असेल तर हा मोठा बदल आहे. तुम्ही दोघं नोकरी करणारे, म्हणजे दीड ते सहा मुलं घरी एकटी. घर निवडताना लोक हॉल केवढा आणि पार्किंग आहे का बघतात. मी तुमच्या जागी असतो तर दीड वाजता त्या वाड्यात, म्हणजे वस्तीत, कोण जागं असतं ते बघितलं असतं. कारण दुपारी गोवा झोपतो, ही थट्टा नाही, दुकानंसुद्धा बंद असतात. तळमजल्यावर मालकीणबाई राहतात असं घर मिळालं तर दोन हजार जास्त द्या, पण घ्या. आमच्या दुसऱ्या घराच्या मालकीणबाईंनी माझ्या मुलाला दोन वर्षं दुपारचं शीतकडी, म्हणजे भात-कालवण, वाढलं आणि त्याचं कोंकणीही सुधारलं.

सरकारी प्राथमिक शाळा बऱ्याच ठिकाणी मराठी माध्यमाच्या आहेत, पण प्राथमिक म्हणजे पहिली ते चौथी. पाचवीपासून हायस्कूल सुरू होतं आणि तिथे जवळजवळ सगळीकडे इंग्रजी. तुमची मुलगी सेमीत आहे, त्यामुळे गणित-विज्ञानाची अडचण नाही, पण इतिहास-भूगोलही इंग्रजीतून लिहायला लागेल. मे महिन्यात तेवढी तयारी करून घ्या. तिसरी भाषा कोणती आहे हे मात्र प्रवेशाआधी विचारा. काही शाळांत मराठी असते, काहींत कोंकणी किंवा फ्रेंचच. सातवीत एकदम कोंकणीचं व्याकरण समोर आलं की मराठी मूल गोंधळतं. बोलायला जमतं, लिहिताना सगळं अर्धं मराठी होतं.

जागेचा हिशोबही असाच. नव्या मुलांना पहिलीत आणि पाचवीत जागा सापडते, कारण प्राथमिक शाळा आणि हायस्कूल तिथूनच सुरू होतात. सातवी म्हणजे मधलीच इयत्ता, कोणी दाखला काढला तरच जागा. त्यामुळे मुलीच्या शाळेपासून सुरुवात करा, मुलाचं तिच्या मागून होईल. आणखी एक: २०२५ मध्ये सहावी ते दहावीचे आणि बारावीचे वर्ग ७ एप्रिललाच सुरू झाले, बाकीचे नेहमीप्रमाणे जूनमध्ये. एकाच घरात दोन मुलांची दोन वेळापत्रकं. यंदाही तसंच असेल आणि तुमची बदली मे महिन्यात होणार असेल तर मुलीचे काही आठवडे आधीच बुडालेले असतील, हे शाळेला स्वतःहून सांगा. मुलाच्या पहिलीसाठी वयाची तारीख महाराष्ट्रासारखी धरू नका, जन्मदाखला घेऊनच विचारायला जा.

अनुदानित शाळांना सरकारने बालरथ दिलेत, म्हणजे शाळेच्या बस. शाळा पक्की झाली की मुख्याध्यापकांना भेटून झाल्यावर बालरथाच्या ड्रायव्हरला भेटा. बस कुठल्या वाड्यात वळते आणि कुठल्या फाट्यावरच थांबते हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं, आणि कुठलं घर रिकामं झालंय तेही. आमचं दुसरं घर त्यानेच दाखवलं. ब्रोकरचं एक महिन्याचं भाडं वाचलं.

पहिल्या घराची गोष्ट सांगतो, कारण तुम्हीही त्याच चुकीच्या दारात उभ्या आहात असं वाटतंय. जून महिना, किनाऱ्याजवळचं एक गाव, फर्निचरसकट दोन बेडरूम, भाडं इतकं कमी की बायको म्हणाली काहीतरी गडबड आहे. गडबड सप्टेंबरच्या शेवटी कळली. मालक आला आणि म्हणाला, "सीझन सुरू जाता मूं." म्हणजे ऑक्टोबरपासून ते घर पर्यटकांना. पावसाळ्यापुरते आम्ही. सहामाहीच्या तोंडावर सामान ट्रकात. कळंगूट, कांदोळी, बागा, हणजूण या पट्ट्यात मे-जूनमध्ये स्वस्त दिसणारं घर म्हणजे बहुतेकदा असंच. "बाराही महिन्यांसाठी आहे का?" हे तोंडी नको, करारात लिहून घ्या.

पंचवीस हजारांत मिरामार, दोना पावला सोडून द्या. फोंताइनश बघायला सुंदर, राहायला पर्यटकांचं. मळा आणि १८ जून रस्त्याच्या आसपास पावसात पाणी चढतं, तिथे तळमजला घेऊ नका. तुमच्या बजेटला माझ्या मते दोनच दिशा आहेत. एक, पुलाच्या अलीकडे मेरशी, सांताक्रूझ, बांबोळीकडचा भाग. पणजीच्या बऱ्याच शाळा आता कुजिराच्या शाळा-संकुलात आहेत, डॉ. हेडगेवार आणि मुष्टिफंड आर्यन तिथेच. तिथून पाटो जवळ, मध्ये पूल नाही. ताळगावही चालेल, पण भाडं थोडं वर जातं. दुसरी दिशा पर्वरी-सुकूर. तिथे विद्या प्रबोधिनी, एल. डी. सामंत, होली फॅमिली, मराठी कुटुंबं भरपूर, म्हणून कोल्हापूरची माणसं तिकडेच ओढली जातात. घर तिथे घ्याल तर शाळाही तिथलीच घ्या, पूल तुम्ही एकट्याने ओलांडा. आणि पर्वरीत पाण्याची टाकी केवढी आहे, उन्हाळ्यात टँकर किती वेळा येतो, हे शेजाऱ्याला विचारा, मालकाला नको.

फोंडा स्वस्त आहे, नाटक-कीर्तनाचं वातावरण आहे, मुलीला पेटी शिकवायची असेल तर त्याच्याइतकं गाव नाही. पण रोज पाटोपर्यंत भोमाच्या रस्त्याने तीस किलोमीटर. मी नाही सुचवणार.

आता मालक. इथे "बॅचलर नको, फॅमिलीकच दितां" हे सर्रास ऐकाल, त्यामुळे तुम्हाला घर दाखवायला लोक नाही म्हणणार नाहीत. मासे खाता का हा प्रश्न गोव्यात सहसा येत नाही, आला तर उलटा येतो. अडचण असते ती मुदतीची. अकरा महिन्यांपेक्षा एक दिवस जास्त म्हटलं की जुन्या मालकांच्या कपाळावर आठ्या. त्यामागे कूळ-मुंडकाराची भीती आहे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर त्याच्या संमतीने राहणाऱ्याला (तोच मुंडकार) १९७५ च्या कायद्याने संरक्षण दिलं, आणि पिढ्यान् पिढ्यांच्या जमिनी डोळ्यांसमोर हातच्या गेल्या, अशी घराघरांत आठवण आहे. घराचं भाडं भरणारा मुंडकार ठरत नाही, पण भीतीला कलमं कळत नाहीत. वाद घालू नका. अकरा महिनेच करा, फक्त शेवटी एक ओळ घाला: पुढचे अकरा महिने ठरलेल्या वाढीने नूतनीकरण, आणि शाळेचं वर्ष संपण्याआधी घर खाली करायला सांगणार नाही. समजावून सांगितलं तर माणसं मानतात.

सही कोणाची हेही बघा. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा इथे चालतो, त्यामुळे घर बऱ्याचदा नवरा-बायको दोघांचं किंवा चार भावंडांचं असतं. एक भाऊ लिस्बनला, एक लंडनला, किल्ली बहिणीकडे. बहिणीकडे कुलमुखत्यारपत्र आहे का विचारायला लाजू नका. मालक आयकराच्या दृष्टीने अनिवासी असेल तर भाड्यातून टीडीएस कापायची जबाबदारी तुमची, आणि दर साधारण ३१.२ टक्के. अशा घराचा आकडा ठरवताना हे आधीच बोलून घ्या, नाहीतर मार्चमध्ये भांडण. पोलीस स्टेशनात भाडेकरू पडताळणीचा अर्ज मालकाने द्यायचा असतो. त्याची शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवा. पत्त्याचा पुरावा म्हणून ती करारासोबत जोडता येते.

घर बघायला शक्यतो पावसात या. मे महिन्यात रंग मारलेली भिंत सगळीकडे छान दिसते. जुलैत कपाटामागे हात घालून बघा, ओल असेल तर वास आधीच सांगेल. तुम्हाला तेवढा वेळ नाही, तर निदान पश्चिमेच्या भिंतीला लागून मुलांची बेडरूम नको.

आणि शेवटचं काम कोल्हापुरातच उरका. राज्य बदलताना शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात. जुन्या शाळेला यूडायस पोर्टलवरून (शाळकरी मुलांच्या सरकारी नोंदी तिथे असतात) मुलीची नोंद मोकळी करायलाही सांगा, नाहीतर इथल्या शाळेला ती ओढून घेता येत नाही. मी दाखला तसाच घेऊन आलो होतो. जुलैच्या पावसात एका शिक्क्यासाठी ओरोसला, आमच्या सिंधुदुर्गाच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, परत जावं लागलं, आणि साहेब त्या दिवशी रजेवर होते.