सांगलीत राहिलो म्हणून पगार कापणार?

प्रश्न : मी पुण्यातल्या एका कंपनीत जावाचं काम करतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये विश्रामबागला घरी आलो, तो इथलाच झालो. आता एचआर म्हणतं, कायम सांगलीत राहायचं तर पगार १५ टक्के कमी. क्लायंट अमेरिकेतला, काम तेच. ताई, हा न्याय आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : १९९८ साली मी पुण्यात बसून एका अमेरिकी विमा कंपनीच्या कोबोल प्रोग्रॅममधली दोन आकडी वर्षं चार आकडी करत होते. वायटूकेचं काम, म्हणजे २००० साल उजाडल्यावर कॉम्प्युटरनं ते १९०० समजू नये म्हणून. तिकडचा प्रोग्रॅमरही तेव्हा हेच विचारत असणार, काम तेच, मग पुण्याला पगार कमी का? त्या कमी पगारावरच तर आपल्याकडे कामं आली, माझा फ्लॅटही त्यातलाच. आज तुमच्या एचआरला सांगली दिसते, तसं तेव्हा त्यांना पुणं दिसलं. फेसबुकनं तर मे २०२० मध्येच सांगून टाकलं होतं, स्वस्त गावी राहायला गेलात तर पगार तिथल्या मानानं.

आपल्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला शेतकऱ्याचं घरभाडं कोणी विचारत नाही. माल बघतात, आणि आवक किती ते. पगाराचंही तेच, भाडं नुसतं निमित्त. घरून काम होतं हे तुम्हीच दाखवून दिलंत, मग ते कोइमतूरहूनही होतं, हनोईहूनही. आवक वाढली.

म्हणून न्यायावर भांडू नका, मालावर बोला. संध्याकाळी साडेसहाला न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजतात. त्या वेळी क्लायंट थेट तुम्हालाच फोन करत असेल, तर ते मॅनेजरला लेखी कळवा. असा माणूस पटकन बदलता येत नाही.

डॉलरमध्ये थेट कंत्राट घ्यायचा मोह होईल. घ्या, पण पीएफ, ग्रॅच्युइटी विसरा आणि ॲडव्हान्स टॅक्सचे चार हप्ते स्वतः भरा.

पुण्याचं वाचलेलं भाडं कपातीपेक्षा जास्त असेल, तर सही करायला हरकत नाही. (माझा मिरजेचा भाऊ म्हणतो, वाचलेलं भाडं इन्व्हर्टरच्या बॅटरीतच जातं.) मात्र त्याआधी पत्रात बघा, पुढची वाढ जुन्या आकड्यावर धरणार की कापलेल्या. कापलेल्यावर असेल, तर ती १५ टक्क्यांची तूट रुपयांत दरवर्षी वाढत जाईल.