पहिला ट्यूब माइक हाती आल्यावर

मित्रा, घाई करू नकोस. आत व्हॅक्यूम ट्यूब असलेल्या या माइकला फँटम पॉवर, म्हणजे मिक्सरकडून माइकच्या केबलमधूनच येणारी वीज, लागत नाही; सोबतचा पॉवर सप्लायचा डबा हाच त्याचा प्राण. आधी माइक आणि डब्यामधली अनेक पिनांची जाड केबल नीट बसव, मगच स्विच चालू कर. काढताना आधी बंद, थोडा वेळ थांब, मग केबल. आत जीवघेणे व्होल्ट असू शकतात, डबा उघडू नकोस. रेकॉर्डिंगआधी अर्धा तास तापू दे.

नॉयमन या जर्मन कंपनीच्या १९४९ च्या यू ४७ माइकचं नाव सांगून आज बरेच माइक विकले जातात. पण यू ४७ मधली मूळ व्हीएफ १४ ट्यूब बनायची केव्हाच थांबली. नवा माइक त्याच्यासारखा वाजेल, तोच वाजणार नाही. आणि माझ्या कानाला तरी आवाजाचा पोत ट्यूबपेक्षा कॅप्सूल, म्हणजे आवाज टिपणारा पडदा असलेला भाग, जास्त ठरवते.

गायकाला वीतभर लांब उभं कर, मध्ये पॉप फिल्टर (तोंडातल्या हवेचा झोत अडवणारी जाळी) लाव. तरीही ‘फ’, ‘भ’ फुटत असतील तर माइक किंचित तिरका कर. कार्डिऑइडवर, म्हणजे माइक मुख्यतः समोरचंच ऐकतो त्या सेटिंगवर, जवळ गेलं की खर्ज वाढतो: बारीक आवाज त्याने भरतो, जाड आवाज गढूळ होतो. खोली घुमत असेल तर गायकाच्या पाठीमागे जाड ब्लँकेट टांग, कारण हा माइक भिंतीसुद्धा ऐकतो.