दर सारखा, छेद वेगळा

आपण विचारले आहे की, २०२३-२४ च्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात पुरुष आणि स्त्रिया या दोघांचाही बेरोजगारीचा दर ३.२ टक्केच निघाला असेल, तर भारतात रोजगाराची स्त्री-पुरुष दरी आहे असे का म्हणायचे, आणि तरुणांच्या बाबतीत देशादेशांची तुलना नेमकी कशाने करायची. मी जळगाव जिल्ह्यात अर्थशास्त्र शिकवतो. हा प्रश्न जवळजवळ दरवर्षी वर्गात निघतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

बेरोजगारीचा दर म्हणजे बेरोजगारांची संख्या भागिले श्रमशक्ती, आणि श्रमशक्ती म्हणजे काम करणारे आणि बेरोजगार मिळून. बेरोजगार ठरण्यासाठी नुसते काम नसणे पुरत नाही. कामाची तयारी असावी लागते आणि सामान्यतः ते शोधावेही लागते. जी व्यक्ती काम करत नाही आणि शोधतही नाही, ती सामान्यतः या अपूर्णांकाच्या अंशातही नसते आणि छेदातही नसते. त्याच सर्वेक्षणात १५ वर्षे व त्यापुढील वयाचे ७८.८ टक्के पुरुष श्रमशक्तीत होते आणि स्त्रिया ४१.७ टक्के. बारावी झालेला आमचा विद्यार्थी पोलीस भरतीसारख्या जागांचे अर्ज भरत फिरतो, तो बेरोजगारांत धरला जातो. त्याच्याच वर्गातली मुलगी ‘स्थळ येईपर्यंत’ घरी थांबते, तिची नोंद बेरोजगारीच्या कोणत्याही रकान्यात होत नाही.

पुढची अडचण कापसाच्या वावरात दिसते. तीच मुलगी वेचणीच्या दिवसांत महिनाभर घरच्या वावरात राबली, तर ‘नेहमीच्या स्थिती’च्या भारतीय पद्धतीत, जिथे वर्षातले किमान ३० दिवसांचे दुय्यम कामही धरतात, ती रोजगारात मोजली जाते, मग तिच्या हातात एक रुपयाही पडलेला नसो. आंतरराष्ट्रीय तुलनेत मात्र साधारणपणे मुलाखतीआधीचा एक आठवडा पाहिला जातो, आणि तो आठवडा मे महिन्यातला असेल तर वेचणी करणारी ही मुलगी त्यात सापडणार नाही. स्त्रियांचा सहभाग २०१७-१८ मधील २३.३ टक्क्यांवरून ४१.७ वर गेला, त्यात स्वयंरोजगाराचा आणि घरच्या शेतीधंद्यातील बिनपगारी मदतीचा वाटा मोठा आहे. ही वाढ मला खोटी वाटत नाही. पण पगारी नोकऱ्या वाढल्याचा पुरावा म्हणून ती कोणी पुढे केली, तर मी हरकत घेतो.

वयोगटही तपासावा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना १५ ते २४ वयाचे तरुण धरते, आपल्याकडे १५ ते २९ हा गट जास्त वापरात आहे. शिवाय दर कशाचा आहे तेही पाहावे: २०१३ मध्ये स्पेनमधील तरुणांच्या बेरोजगारीचा दर ५० टक्क्यांच्या वर होता, म्हणून तिथला दर दुसरा तरुण रिकामा होता असे नाही. बरेच जण शिकत होते. सर्व तरुणांच्या तुलनेत बेरोजगारांचे प्रमाण पाचात एकच्या आसपास होते.

माझ्या मते शिक्षण, रोजगार आणि प्रशिक्षण या तिन्हींच्या बाहेर असलेल्या तरुणांचे प्रमाण पाहणे अधिक प्रामाणिक ठरते, कारण त्यात घरी थांबलेली मुलगीही येते. २०२३ मध्ये जगभरात हे प्रमाण तरुणींत २८.१ टक्के होते आणि तरुण पुरुषांत १३.१ टक्के. त्याला वेतनाच्या आकड्यांची जोड मात्र द्यावी लागते. दक्षिण कोरियातील तरुणी उच्चशिक्षणात मुलांच्या मागे नाहीत, तरीही प्रगत देशांच्या गटात तिथली स्त्री-पुरुषांमधील वेतनदरी सर्वांत मोठी, सुमारे ३० टक्के आहे. आमच्याकडे कापूस किलोवर वेचला जातो, त्यामुळे दर सर्वांना एकच असतो. फरक दिसतो तो रोजंदारीत, फवारणीला जाणाऱ्या पुरुषाचा रोज आणि निंदणीला जाणाऱ्या बाईचा रोज यांच्यात.

तक्ता करणार असाल, तर वेळेच्या वापराचा एक रकाना अवश्य ठेवा. भारताच्या २०१९ च्या पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे; आणि असे काम करणाऱ्यांचे प्रमाणच स्त्रियांत ८१.२ टक्के, तर पुरुषांत २६.१ टक्के होते.