काकांचे सदतीस, काकूंचे बावीस

घरात म्हातारं, आजारी मांजर असलं की एक दिवस डॉक्टर म्हणतात, "दयामरणाचं इंजेक्शन द्यायचं का, आता निर्णय तुमचा." आणि तिथेच सगळे अडतात. घाई केली तर आपणच जीव घेतला असं वाटणार, थांबलो तर त्या मुक्या जिवाचे हाल. "मग कधी करायचं?" हे विचारायला माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, लोक येतात. बहुतेक घरांत दोन मतं असतात आणि मधे मांजर. असंच एक जोडपं इथे सांगते, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

काका सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, राहायला नागपुरात खामल्याकडे. मांजरीचं नाव ठमी, वय १६. माणसाच्या हिशेबात साधारण ऐंशीची म्हातारी. उन्हाळ्यात ती सारखी कूलरच्या टाकीशी जाऊन पाणी प्यायची. नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळीसला टेकलेला; त्यात मांजराचं पाणी कोण मोजणार? पण म्हाताऱ्या मांजराची तहान वाढली, लघवी वाढली आणि वजन उतरायला लागलं की मूत्रपिंडं तपासायला हवीत. यांच्याकडे पावसाळ्यात उलट्या सुरू झाल्यावर रक्त तपासलं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं थकली की रक्तात साचत जाणारा घटक, ३.८ निघालं. मांजरांच्या मूत्रपिंडाच्या या जुनाट आजाराच्या चार पायऱ्या मानतात. २.९ ते ५ ही तिसरी, पाचच्या वर गेलं की चौथी.

आजाराचं नाव कळलं म्हणून लगेच इंजेक्शनचा विषय काढायचा नसतो, हे ठासून सांगते. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरची मांजरं वेगळं खाणं, मळमळीचं औषध, कातडीखालचं सलाईन यांवर महिनोन्‌महिने, काही तर वर्षानुवर्षं बरी जगतात. ठमीनेही दिवाळी पाहिली. काका आर.एल.ची, म्हणजे सलाईनची, बाटली कोमट पाण्यात ठेवायचे, पडद्याच्या दांडीला टांगायचे, खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत धरून सुई घालायचे आणि १०० मिली सोडायचे. हे सगळं ते कंपाउंडरकडून शिकले होते. काकू पाय धरायच्या.

माझ्याकडे दोघं आली ती डिसेंबरात. क्रिएटिनिन पाचच्या पुढे गेलं होतं. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही दाखवून झालं होतं आणि दोन्हीकडचं मत एकच होतं: आता निर्णय तुमचा. काकांनी पिशवीतून लांबट रजिस्टर काढून माझ्यासमोर ठेवलं. तारीख, वजन, सलाईन किती, सिरिंजने खाणं किती, लघवी किती वेळा. रेघा पट्टीने मारलेल्या, एकही खाडाखोड नाही.

"मागच्या आठवड्यात आकडा खाली आला होता मॅडम," ते म्हणाले. "ही म्हणते, आता पुरे. आकडा खाली येऊन राहिला तर पुरे काहून?"

काकू एवढंच म्हणाल्या, "ती काही खाऊनच नाही राहिली हो."

सलाईनने शरीरातलं पाणी भरून निघतं, त्यामुळे आकडा थोडा उतरतो आणि मांजराला दोन दिवस बरंही वाटतं. पण मूत्रपिंडाचा गेलेला भाग त्याने परत येत नाही. डॉक्टरांनी हे काकांना सांगितलं होतं, काकांना ते कळलंही होतं. फक्त रजिस्टरमध्ये त्याला रकाना नव्हता.

ॲलिस विलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी २००४ साली अशा घरांसाठी एक मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टी. प्रत्येकीला शून्य ते दहा गुण, दहा म्हणजे सगळ्यात चांगलं. बेरीज पस्तिसाच्या वर असली तर सांभाळत राहायला हरकत नाही, असा तिचा ढोबळ अर्थ. मी दोघांना एकेक कागद दिला आणि एकमेकांचं न बघता भरायला सांगितलं.

काकांची बेरीज आली ३७. काकूंची २२.

मांजर एकच, घर एकच. पाण्याच्या गुणांत फारसा फरक नव्हता. भुकेला मात्र काकांनी सहा दिले होते आणि काकूंनी एक. "सहा कसे?" मी विचारलं. "दिवसाला साठ मिली जातं ना पोटात," काका म्हणाले. काकू त्यांच्याकडे वळल्या. "तुम्ही घालता म्हणून जातं. तिला कुठे भूक आहे?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. दोघांची सरासरी काढायचा मोह अशा वेळी होतो, आणि काकांनी ती मनातल्या मनात काढलीही होती. साडेएकोणतीस! पण निकाल लावणं हे त्या कागदाचं कामच नाही, असं माझं मत आहे. घरातली माणसं कशाला 'बरं आहे' म्हणतात, ते त्यावरून उघड होतं. काका स्वतःच्या मेहनतीला गुण देत होते. त्यात खोटं काही नव्हतं, कारण तेवढी मेहनत फार कमी लोक करतात.

मी काकांना रजिस्टर बंद करायला सांगितलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर हिशेब ठेवला, त्याच्या हातून संकटाच्या काळात वही काढून घेऊ नये. शेवटी एक रकाना वाढवा म्हटलं. ठमीने आज आपणहून काय केलं? तुम्ही करवलेलं त्यात धरायचं नाही.

डॉक्टरांना काय विचारायचं तेही ठरवलं. "किती दिवस राहतील?" याला कुणाकडेच नेमकं उत्तर नसतं. त्यापेक्षा विचारावं, यापुढे काय काय होऊ शकतं, आणि ते रात्री दोन वाजता झालं तर कुणाला फोन करायचा? "घरीच झोपेत शांतपणे जाईल" ही आशा सगळ्यांना असते. काही मांजरं तशी जातातही. पण मूत्रपिंडं पार थकली की तोंडात फोड येतात, उलट्या थांबत नाहीत, कधी झटके येतात. हे आधी कळलं तर माणूस घाबरतो खरा, पण आंधळेपणाने वाट बघत नाही. काकांनी आणखी एक विचारलं होतं: मांडीवर घेतल्यावर ती अजून घुरघुरते, म्हणजे बरी आहे ना? मांजरं दुखतानाही घुरघुरतात. अंग चाटणं सोडलंय का, पाय पोटाखाली घेऊन आखडून बसते का, अंधारात जाऊन राहते का, हे जास्त खरं सांगतं. (आणि कळ कमी व्हावी म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कुणी देऊ नका. मांजराला ती विष आहे, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.)

पुढच्या भेटीत काकांनी स्वतः रजिस्टर उघडलं आणि नव्या रकान्यातलं वाचायला लागले. "दूध घेऊन आलो, दाराशी आली नाही." "उन्हात बसली, दहा मिनिटं." "बाटली काढली, दिवाणाखाली गेली." "बाटली काढली, दिवाणाखाली गेली." "बाटली काढली नव्हती. मी खोलीत आलो, दिवाणाखाली गेली."

शेवटची ओळ वाचून त्यांनी चष्मा काढला. "मला भिऊन राहिली ती," ते म्हणाले.

त्यांना 'आता करा' असं मी म्हटलं नाही. ते समुपदेशकाने म्हणायचंही नसतं. दयामरणाच्या संमतीपत्रावर करायच्या सहीबद्दल बोललो. आयुष्यभर सह्या केलेल्या माणसाला ही एक सही जड जात होती, कारण त्यांच्या लेखी सही म्हणजे जबाबदारी आणि जबाबदारी म्हणजे पाप. मी विचारलं, सही नाही केली तर जबाबदारी कुणाची? काकूच म्हणाल्या, "आपलीच. मग दोघं मिळून करू." नेमका बरोबर असा एकच दिवस नसतो, हे मी त्यांना सांगितलं. काही दिवसांचा टप्पा असतो, त्यातला कुठलाही निवडला तरी नंतर मन म्हणतंच, थोडं आधी करायला हवं होतं किंवा थोडं थांबायला हवं होतं.

डॉक्टर घरी आले. काय होणार ते त्यांनी आधी नीट सांगितलं होतं. पहिलं इंजेक्शन गुंगीचं, दुसरं भुलीच्या औषधाचं, मोठ्या मात्रेत. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं होऊ शकतं, लघवी होऊ शकते, पण तोवर तिला काही कळत नसतं. हे माहीत नसलेली माणसं पुढे वर्षभर "तिने माझ्याकडे बघितलं हो" म्हणून रडताना मी पाहिली आहेत. पुण्याहून नातीचा फोन आला, तिला "ठमी मेली" असंच सांगायचं ठरलं. लहान मुलांना "झोपवलं" म्हटलं तर ती रात्री झोपायला घाबरतात.

काका एकटे आले ते संक्रांतीनंतर. तक्रार वेगळीच होती. ठमी गेली त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली, कित्येक महिन्यांनी, आणि तेच त्यांना खात होतं. "मोकळं वाटलं मॅडम. असं वाटावं काय?" आजारी जनावर सांभाळणाऱ्यांवर किती ताण येतो, यावर अमेरिकेत मेरी बेथ स्पिट्झनागेल या मानसशास्त्रज्ञ बाईंचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. अशा माणसांत ताण आणि उदासीची लक्षणं निरोगी जनावर पाळणाऱ्यांपेक्षा जास्त आढळली. तो भार उतरला की हलकं वाटणारच. त्याने माया कमी होत नाही. वर शेजारी म्हणतात, "अरे बाप्पा, मांजरच तर होती!" शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा, समाज ज्याला दुःख मानायलाच तयार नसतो त्या दुःखावर लिहिलं. मांजरासाठी रजा मिळत नाही, कुणी भेटायला येत नाही, पिठलं-भातही कुणी आणून देत नाही. मग माणूस ते गिळून टाकतो.

बहुतेकांचं हे हळूहळू निवळतं. पण आठवडेच्या आठवडे झोप-जेवण सुटलं असेल, जगण्यातच राम वाटत नसेल, तर मांजरासाठी काय जायचं असं म्हणत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञाला भेटा, किंवा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला १४४१६ वर फोन करा. फोन फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

काकांना तेवढी गरज पडली नाही. सध्या त्यांच्या घरी वाद आहे तो जिन्याखाली व्यालेल्या मांजरीच्या पिल्लांवरून. काकूंना एक ठेवायचं आहे, काका म्हणतात आपल्या वयाला आता झेपणार नाही, आपल्यामागे त्याचं कोण करणार? दोघांचंही म्हणणं बरोबर आहे. पुढच्या वेळी दोघं तेवढ्यासाठीच येणार आहेत.