पोर्श ९११ एससी ट्रॅकवर न्यायची आहे, ९३० टर्बोचे (९११ च्याच टर्बो मॉडेलचे) ब्रेक बसवू का?

इतक्यात नको. १९७८ पासूनच्या ९३० चे चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) अफलातून आहेत, पण त्यांच्यासोबत मास्टर सिलिंडरही (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) मोठा लागतो, नाहीतर पेडल खोल जातं. पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल जुळवण्याची डोकेदुखी वेगळीच.

एससीला मुळातच चारही चाकांना व्हेंटिलेटेड (आतून हवा खेळणाऱ्या) डिस्क आहेत. ट्रॅकवर दगा देतं ते बहुधा ब्रेक ऑइल! ताजं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषला की ही हमी १५५ वर येते, मग पेडल स्पंजासारखं दबतं. आधी ऑइल, ट्रॅकचे पॅड आणि जुने रबरी होज (ऑइलच्या नळ्या) बदला (जुनं रबर आतून फुगलं की कॅलिपर नीट सुटत नाही). सिलिकॉनचं डॉट ५ मात्र टाकू नका. तरीही ब्रेक तापून ढिले पडले, तर पुढच्या डिस्कना हवा पोचवणारे डक्ट लावा.