गहू, दूध, शेंगदाणे तिन्ही बंद झाल्यावर सकाळी नाश्त्याला करायचं काय?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: सात वर्षांच्या मुलाला नुकतंच सिलिॲकचं (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते, तो आजार) निदान झालंय, मिस्टरांना दूध पचत नाही आणि शिकायला तुमच्याकडे राहायला आलेल्या भाचीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. तिघांना एकाच वेळी बसून खाता येईल असा नाश्ता तुम्हाला हवाय, आणि ग्लुटेन-फ्री ब्रेड कुठला चांगला तेही विचारलंय.

ब्रेडचं आधी संपवतो. आणू नका. महाग असतो, दुसऱ्या दिवशी भुगा होतो आणि मुलगा तसाही खाणार नाही. आमच्या घरी त्याची अर्धी पाकिटं केरात गेली आहेत.

मी डोंबिवलीचा. बायको पहाटेच्या लोकलने निघते, त्यामुळे नाश्ता आणि डबा माझ्याकडे. मुलगी दुसरीत असताना तिची उंची वाढायची थांबली, हिमोग्लोबिन लोहाची कितीही औषधं दिली तरी वर येईना. शेवटी रक्ततपासणी आणि मग एंडोस्कोपी करून सिलिॲक निघाला. आता ती आठवीत आहे. मी जे सांगतोय ते स्वयंपाकघरातलं. औषधपाण्याचं डॉक्टरांनाच विचारा. एकच सांगतो: घरात आणखी कुणाची तपासणी करायची असेल तर ती होईपर्यंत त्यांचा गहू बंद करू नका. गहू सोडल्यावर रिपोर्ट खोटाच चांगला येऊ शकतो.

पहिले दोन महिने मीही तुमच्यासारखंच करत होतो. पोळीला पर्याय काय, पावाला पर्याय काय, बिस्किटाला काय. मग मालवणहून आई आली. माझी धावपळ दोन दिवस बघितली आणि म्हणाली, "अरे, आमच्या घरात गहू सणासुदीलाच यायचा. आम्ही काय सकाळी उपाशी राहायचो?" तिसऱ्या दिवशी तिने घावनं घातली. माझ्या डोक्यातला पर्यायांचा शोध तिथे थांबला.

घावनाचं सविस्तर सांगतो, कारण तिघांनाही चालणारा पदार्थ तोच. दोन वाट्या जुना तांदूळ रात्री भिजत घालायचा, सकाळी अगदी गुळगुळीत वाटायचा, मीठ घालून ताकाइतकं पातळ करायचं. बस, एवढंच. सोडा नाही, आंबवणं नाही. बिडाचा तवा चांगला कडक तापला पाहिजे, नाहीतर जाळी पडत नाही. अर्धा कांदा सुरीला टोचून तेलात बुडवायचा आणि तव्यावर फिरवायचा. पीठ कडेपासून आत असं ओतायचं, झाकण ठेवायचं. प्रत्येक वेळी ओतण्याआधी पीठ तळापासून ढवळा, खाली बसतं. पहिलं घावन तव्याला चिकटणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. सोबत नारळाच्या दुधात गूळ आणि वेलची घातलेला रस. माझी मुलगी चार खाते, आणि त्यात आपण काही पथ्याचं खातोय हे तिच्या गावीही नसतं.

आंबोळीही तशीच: तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, चमचाभर मेथ्या, रात्रभर आंबवायचं. काळ्या वाटाण्याची उसळ आदल्या रात्री केलेली असेल तर रविवार सार्थकी लागतो. उपम्याची सवय असेल तर रव्याऐवजी वरी किंवा इडलीचा तांदळाचा रवा घ्या. तांदळाची उकड ताकातली असते, ती मिस्टरांना बहुधा चालेल, त्याचं पुढे सांगतो. आणि नाचणी. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात 120 च्या आसपास. सगळंच्या सगळं अंगी लागत नाही हे खरं, पण मोड आणून केलेलं सत्त्व जास्त पचतं. भाकरी, धिरडं, गुळाची पेज, काहीही करा.

म्हणजे पदार्थांना तोटा नाही. खरी मेख वेगळीच आहे. गहू पोळीत दिसतो, तिथे आपण सावध असतो. तो आपल्याला गाठतो न दिसणाऱ्या ठिकाणी.

सर्वात मोठा चोर म्हणजे हिंग. बाजारातला बांधानी हिंग म्हणजे थोडासा खरा हिंग, डिंक आणि बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ. डबीमागचे घटक वाचा. आम्ही पाच महिने घरचे कांदेपोहे "तांदळाचेच तर आहेत" म्हणून बिनधास्त देत होतो आणि तिचे रिपोर्ट सुधारत नव्हते. फोडणीत रोज चिमूटभर गहू पडत होता! तांदळाच्या पिठात बांधलेला किंवा खडा हिंग मिळतो. तो मिळेपर्यंत फोडणीला लसूण घाला, काही अडत नाही.

दुसरी भाजणी. सांगलीच्या मावशींकडे गेलो होतो. मुलीचं सगळं त्यांना फोनवर सांगितलेलं. त्यांनी प्रेमाने थालीपीठ वाढलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "गव्हाचं नाही रे बाबा, भाजणीचं आहे." भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी आणि हो, मूठभर गहूही. संध्याकाळी पोरगी पोट धरून बसली. मावशींना अजून त्याची खंत वाटते. मेतकुटातही गहू असतो. खपली गहू "चालतो" असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. चालत नाही, तो गहूच आहे. दलिया, शेवया, सातू यांचंही तेच. उपवासाची भाजणी मात्र वरी, साबुदाणा, राजगिऱ्याची असते, तिचं थालीपीठ उत्तम होतं. फक्त त्यात दाण्याचा कूट घालायची सवय भाचीसाठी मोडावी लागेल.

तिसरी गिरणी. तुमचं ज्वारीचं दळण कशावर पडलं हे बघा. गव्हावर पडलं असेल तर पहिलं किलोभर पीठ मिश्रच समजा. गिरणीवाले काका "पुसून देतो" म्हणतात, मनापासून म्हणतात, पण जात्याच्या खोबणीत राहिलेलं पीठ फडक्याने निघत नाही. आपल्याकडच्या नियमानुसार ग्लुटेन-फ्री म्हणायला एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं, यावरून किती कणभर गोष्ट आहे ते कळेल. आम्ही शेवटी घरघंटी घेतली आणि तीत गहू कधीच घालायचा नाही असं ठरवलं. पोळपाट, चाळणी आणि तवाही मुलाचे वेगळे ठेवा. ज्या तेलात पुऱ्या तळल्या त्यात त्याचे साबुदाणावडे तळू नका.

आता मिस्टर. "दूध पचत नाही" आणि "दुधाची ॲलर्जी" या दोन गोष्टी निराळ्या, तुमच्या प्रश्नात त्या एक झाल्यात. पोट फुगणं, गुडगुड, जुलाब एवढंच असेल तर ते बहुधा लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. ती विरजणात बरीच कमी होते, म्हणून अशा बऱ्याच जणांना दही-ताक थोडं थोडं सोसतं आणि तुपाचं तर काहीच वाटत नाही. पण दूध घेतल्यावर अंगावर पित्त उठत असेल, ओठ सुजत असतील, तर ती दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी. मग दही, ताक, पनीर, तूप सगळंच बंद, आणि उकडीला ताकाऐवजी नारळाचं दूध आणि आमसूल. हे आधी डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या, त्यावर तुमचा निम्मा मेनू ठरणार आहे.

भाचीच्या बाबतीत मात्र माझा सूर जरा कडक आहे. गव्हाने मुलाचं नुकसान हळूहळू होतं, शेंगदाण्याने तिचा श्वास काही मिनिटांत अडकू शकतो. पोह्यातले दाणे वेचून बाजूला काढले की झालं, हे चालणार नाही. तेल कुठलं वापरता? लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल असेल तर तेही बंद, कारण त्यात दाण्याची प्रथिनं शिल्लक राहतात. ती घरात आहे तोवर कूट करायचंच नाही, मिक्सरच्या भांड्यात तो चिकटून राहतो. साबुदाण्याची खिचडी कुटाशिवाय गिच्च होते ही तक्रार खरी आहे. त्यावर माझा उपाय: साबुदाणा जेमतेम पाण्यात भिजवा, भाजलेलं सुकं खोबरं भरड वाटून कुटासारखं लावा, वरून ओलं खोबरं. चव वेगळी येते पण मोकळी होते. बाहेरची खिचडी, चिवडा, चटण्या तिला नकोच. डॉक्टरांनी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं असेल तर ते कुठे ठेवलंय आणि कसं द्यायचं हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. ओठ सुजले, आवाज बसला, धाप लागली तर ते लगेच द्या आणि तडक हॉस्पिटल गाठा. गोळी देऊन वाट बघत बसू नका.

ओट्सचंही विचारलंत. साध्या पाकिटातल्या ओट्समध्ये गहू मिसळलेला असण्याची शक्यता बरीच असते, म्हणून पहिलं वर्षभर आम्हाला डॉक्टरांनी नकोच म्हटलं होतं. नंतर ग्लुटेन-फ्री ओट्स मिळाले तेव्हा मुलीने एक चमचा तोंडात घातला आणि विचारलं, "बाबा, घावनं संपली का?"