वाचकांचे प्रश्न : बेकायदा स्थलांतराचा भार कोणाच्या वहीत मांडायचा?

आसामच्या नागरिक नोंदवहीवर (एनआरसी, म्हणजे तिथल्या भारतीय नागरिकांची यादी) गेल्या अंकात आलेल्या टिपणानंतर सोलापूर आणि आसपासच्या वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा ह्यूस्टनला नोकरी करतो. बेकायदा आलेल्या लोकांच्या शाळा-दवाखान्यांवर खर्च करून टेक्सास राज्य बुडत चालले आहे, असे तो फोनवर सांगतो. त्याचाच एक सहकारी मात्र म्हणतो, की हे लोक नसते तर तिथे घरे बांधायलाही माणूस मिळाला नसता. यातले खरे काय मानावे?
— एक निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

उत्तर : दोघांचेही म्हणणे एकाच कागदावरून सिद्ध करता येते, आणि तो कागद टेक्सासच्याच सरकारचा आहे. राज्याच्या तेव्हाच्या मुख्य लेखाधिकारी कॅरोल कीटन स्ट्रेहॉर्न यांनी डिसेंबर २००६ मध्ये हा हिशेब प्रसिद्ध केला. कागदपत्रांविना राहणारे सुमारे १४ लाख लोक २००५ मध्ये राज्यात होते असे त्यात धरले होते. हे लोक नसते तर राज्याचे उत्पादन १,७७० कोटी डॉलरने कमी भरले असते, त्यांच्याकडून राज्याच्या तिजोरीत १५८ कोटी डॉलर आले आणि शिक्षण, आरोग्य, तुरुंग वगैरे मिळून राज्याने त्यांच्यावर ११६ कोटी डॉलर खर्च केले, असा अंदाज त्यात मांडला आहे. इथे वाचन थांबवले तर मुलाचा सहकारी बरोबर ठरतो. मात्र त्याच अहवालात पुढे लिहिले आहे, की दवाखान्यांची न भरलेली बिले आणि पोलिस-तुरुंगाचा खर्च यांपोटी स्थानिक संस्थांवर १४४ कोटी डॉलरचा भार पडला. राज्य फायद्यात राहिले आणि काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, दवाखाना तोट्यात गेला. आपला मुलगा त्या दवाखान्याच्या भागात घरपट्टी भरत असेल, तर त्याची तक्रार खोटी म्हणता येणार नाही.

हे असे का होते, ते समजून घेतले पाहिजे, कारण माझ्या मते या वादाची गाठ तिथेच आहे. अमेरिकेत सीमा राखणे आणि परदेशी माणसाला राहू द्यायचे की नाही हे ठरवणे केंद्राकडे आहे. पण आलेल्या माणसाचे मूल ज्या शाळेत जाते ती शाळा राज्याच्या आणि गावाच्या पैशावर चालते. टेक्सासने १९७५ मध्ये कायदा करून अशा मुलांसाठीचा निधी थांबवला आणि टायलर या गावच्या शाळांनी तर अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला १,००० डॉलर फी लावली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८२ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने निकाल लागला, की आईबापांनी सीमा ओलांडली म्हणून मुलाला शाळा नाकारता येणार नाही. हा निकाल मला न्याय्य वाटतो, कारण शाळेबाहेर ठेवलेले मूल मोठे होऊनही त्याच गावात राहणार असते. पण ज्या राज्याने हा खर्च उचलायचा, त्याच्या हाती ना सीमेची चावी ना भरपाईचा हक्क, हेही तितकेच खरे आहे. दुसऱ्या बाजूला, खोट्या सामाजिक सुरक्षा क्रमांकावर नोकरी करणाऱ्या मजुराच्या पगारातून निवृत्तिवेतनासाठी कापला जाणारा पैसा केंद्राच्या निधीत पडतो आणि त्या मजुराला तो सहसा कधीच मागता येत नाही. खर्च एका वहीत आणि जमा दुसऱ्या वहीत, अशी ही व्यवस्था आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा २०१६ चा अहवाल कायदेशीर आणि बेकायदा अशा सर्वच स्थलांतरितांविषयी आहे, म्हणून तो जपून वापरावा. पण त्यातील एक निष्कर्ष येथे उपयोगी पडतो. पहिल्या पिढीचा भार राज्यांवर पडतो तो मुख्यतः मुलांच्या शिक्षणामुळे, आणि तीच मुले मोठी झाल्यावर कर भरण्यात इतरांच्या पुढे असतात. तेव्हा कोणी आपल्यापुढे एकच आकडा ठेवला तर तीन गोष्टी विचाराव्यात : कोणत्या सरकारच्या वहीतला, किती वर्षांचा, आणि तिथेच जन्मलेली व म्हणून नागरिक असलेली मुले त्यात धरली आहेत की नाहीत.

प्रश्न : आसामात इतकी वर्षे आंदोलने झाली, करार झाला, नोंदवही झाली, तरी बेकायदा आलेले किती हे निश्चित सांगता येत नाही. यात इच्छाशक्ती कमी पडली, की मुळात प्रश्नच फुगवलेला आहे?
— पदव्युत्तर विद्यार्थिनी, सोलापूर विद्यापीठ

उत्तर : प्रश्न फुगवलेला नाही. तिथल्या माणसाला काय वाटले ते आधी समजून घेऊ. टेक्सासमध्ये भांडण मुख्यतः तिजोरीचे आहे. आसामात ते जमीन, भाषा आणि मतदारयादीचे आहे. १९७९ मध्ये मंगलदोई लोकसभा मतदारसंघातील पोटनिवडणुकीच्या वेळी यादीत परकीयांची नावे आढळल्याच्या तक्रारी आल्या आणि तिथून सहा वर्षांचे आंदोलन पेटले. स्वतःच्याच राज्यात आपली भाषा अल्पसंख्य होईल, ही भीती मराठी माणसाला परकी नाही. त्या भीतीला कोणी नुसता द्वेष म्हटले, तर ते मला मान्य नाही. पण तिचे टोक कुठवर गेले तेही विसरता येत नाही. १८ फेब्रुवारी १९८३ रोजी नेल्ली आणि आसपासच्या गावांत एका सकाळीच सरकारी मोजदादीप्रमाणे सुमारे दोन हजार माणसे मारली गेली, आणि त्यांत बायका-मुलांचा भरणा फार मोठा होता.

कायदा या काळात दोन टोकांना झुकला. १९८३ च्या कायद्याने आसामपुरती अशी तरतूद केली, की अमुक माणूस परकीय आहे हे तक्रार करणाऱ्याने सिद्ध करावे. परिणामी फारच थोडे लोक परकीय ठरले. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो कायदा रद्द केला आणि देशातल्या इतर भागांप्रमाणे १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यातील नियम लागू झाला : आपण भारतीय आहोत हे ज्याच्यावर संशय आहे त्यानेच दाखवायचे. मधल्या काळात १५ ऑगस्ट १९८५ च्या आसाम करारात २४ मार्च १९७१ ही मर्यादा ठरली होती, म्हणजे त्यानंतर आलेला तो परकीय. त्या मर्यादेला आधार देणारे नागरिकत्व कायद्यातील ६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये चार विरुद्ध एक मताने वैध ठरवले.

आता आकडे पाहा. २००४ मध्ये केंद्र सरकारने संसदेत बेकायदा आलेले बांगलादेशी देशभरात १ कोटी २० लाख आणि त्यांतले ५० लाख आसामात, असे सांगितले. पण तो आकडा पक्क्या पाहणीवरचा नाही, हेही लवकरच सरकारलाच सांगावे लागले. २०१६ मध्ये संसदेतच २ कोटी हा आकडा आला. मग सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष नोंदवही झाली. सुमारे ३ कोटी ३० लाख लोकांनी अर्ज केले आणि ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून १९ लाख ६ हजार ६५७ जण वगळले गेले. एका बाजूला हा आकडा फार कमी वाटला, दुसऱ्या बाजूला फार जास्त. एकाच घरातली आई यादीत आणि मुलगी बाहेर, असे प्रकार निघाले. इच्छाशक्ती कमी पडली असे म्हणण्यापेक्षा मी असे म्हणेन, की जिथे ब्रह्मपुत्रा दरवर्षी काठची शिवारे आणि चर म्हणतात ती वाळूची बेटे गिळते, जिथे माणूस घरासह कागदही पाण्यात सोडून नव्या जागी जातो, तिथे अर्ध्या शतकापूर्वीच्या कागदावर माणसाची पारख करायची म्हटले की परकीयाबरोबर गरीबही चाळणीतून खाली पडतो. सीमेवर पहारा आणि कुंपण यांवर खर्च केलेला रुपया मला योग्य वाटतो. आत राहणाऱ्या प्रत्येकाला संशयित धरून केलेली छाननी मात्र महाग पडते आणि तिचे फळ वादातच अडकते. भारत-बांगलादेश सीमा ४,०९६ किलोमीटरची आहे आणि त्यांतले आसामच्या वाट्याला २६३ किलोमीटरच येतात. म्हणजे आसामचा प्रश्नही आसामच्या एकट्याच्या हातात नाही.

प्रश्न : मी यंत्रमागावर टॉवेल विणतो. बाहेरून आलेला माणूस कमी मजुरीत काम करतो, म्हणून आमची मजुरी वाढत नाही. बेकायदा माणसे हटवली तर मजुरी वाढेल का?
— एक यंत्रमाग कामगार, अक्कलकोट रस्ता

उत्तर : तुमचा अनुभव खरा आहे, पण प्रथम एक फरक मनात पक्का ठेवा. बिहार, ओडिशा किंवा पश्चिम बंगालमधून सोलापुरात कामाला आलेला माणूस बेकायदा नाही. देशात कुठेही जाण्याचा व राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने दिला आहे. बंगाली बोलतो म्हणून तो बांगलादेशी ठरत नाही. २०२५ च्या जून महिन्यात मुंबई परिसरातून पकडून थेट सीमेपार पाठवलेले पश्चिम बंगालचे काही मजूर भारतीयच निघाले आणि त्यांना परत आणावे लागले. खुद्द आपल्या पूर्व भागातील विणकर पद्मशाली घराणी कुठून आली? १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली त्या सुमारास आणि पुढेही, दुष्काळाने आणि कामाच्या ओढीने, निजामाच्या तेलंगणातून. ती हद्द तेव्हा दुसऱ्या राजवटीची होती. आजच्या कायद्याने पाहता त्या येण्याची तुलना चोरट्या सीमापार येण्याशी करता येणार नाही, आणि मी ती करतही नाही; पण सोलापूरची चादर त्या हातांनी विणली, एवढे लक्षात असावे.

मजुरीचे म्हणाल तर अर्थशास्त्रज्ञांचेही यावर एकमत नाही. १९८० मध्ये क्युबातून सुमारे सव्वा लाख माणसे काही महिन्यांत अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली आणि त्यांतली निम्मी तरी मायामीत राहिली. डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये दाखवले, की तिथल्या मजुरीवर फारसा परिणाम झाला नाही. पुढे जॉर्ज बोर्हास यांनी तेच आकडे पुन्हा तपासले आणि शाळा अर्धवट सोडलेल्या मजुरांची कमाई बरीच उतरली, असे मांडले. झळ बसलीच तर ती सर्वांत तळच्या माणसाला, म्हणजे तुमच्यासारख्यालाच बसते, हे बोर्हास यांचे म्हणणे मला सहज बाजूला सारता येत नाही.

परंतु माणूस हटवल्याने मजुरी वाढते, असेही दिसत नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्याने २०११ मध्ये बेकायदा स्थलांतराविरुद्ध अतिशय कडक कायदा केला, मजूर रातोरात निघून गेले, टोमॅटो शेतात सडले आणि स्थानिकांपैकी थोडेच त्या कामावर टिकले. मजुरी खाली खेचणारी गोष्ट म्हणजे हजेरीपटावर नाव न घेता, हातावर रोख ठेवून काम करून घेण्याची मालकाला असलेली मोकळीक. ज्याला पोलिसांची भीती आहे तो किमान वेतन मागत नाही, अपघात झाला तर भरपाई मागत नाही, आणि मग त्याच्या शेजारच्या मागावर उभ्या असलेल्या तुमचाही भाव तोच ठरतो. म्हणून तुम्ही संघटनेमार्फत मागणी करावी ती प्रत्येक कामगाराच्या नोंदीची, पगारपत्रकाची आणि भविष्य निर्वाह निधीची, मग तो कामगार कुठलाही असो. स्वस्त माणूस स्वस्त उरला नाही, तर त्याला चोरून आणण्यात कोणाला रस राहणार नाही. चोरून आलेल्याला कायद्याप्रमाणे परत पाठवण्यास माझा विरोध नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात पारपत्राविना प्रवेशाला पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. मात्र त्याला कामावर ठेवणारा मालक मोकळा सुटू नये.

प्रश्न : आईकडे आधार कार्ड, रेशन कार्ड सर्व काही आहे. एवढे पुरे ना? उद्या काही विचारणा झाली तर?
— एक विडी कामगार, पूर्व भाग

उत्तर : आधार हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही, २०१६ च्या आधार कायद्याच्या नवव्या कलमातच तसे म्हटले आहे. कायद्याने जन्मतारीख महत्त्वाची ठरते. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने नागरिक असते. १ जुलै १९८७ पासून आईवडिलांपैकी एकजण नागरिक असणे लागते. ३ डिसेंबर २००४ पासून एकजण नागरिक असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, ही अट वाढली. आपल्या आईंचा जन्म १९८७ च्या आधीचा असणार, म्हणून जन्म कुठे व केव्हा झाला हे दाखवणारा एखादा जुना कागद मिळाला तर तो फार मोलाचा.

घाबरण्याचे कारण नाही, पण नावे मात्र आजच तपासा. माझ्या वकिलीच्या काळात पूर्व भागातील एक विडी कामगार बाई पिशवीभर कागद घेऊन आल्या होत्या. शाळेच्या दाखल्यावर त्या लक्ष्मम्मा होत्या, रेशन कार्डावर लक्ष्मीबाई आणि विडी कारखान्याच्या ओळखपत्रावर नुसत्या लक्ष्मी. वडील एकीकडे नरसय्या, दुसरीकडे नरसिंग. तेलुगू नाव मराठी कारकुनाने ऐकले तसे लिहिले, एवढाच काय तो घोटाळा. तरीही ही एकच बाई आहे हे ठरवायला आम्हाला प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील प्रसिद्धी आणि जवळजवळ सात महिने लागले, आणि त्या सात महिन्यांत जितक्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या तितक्या दिवसांच्या विड्या त्यांनी वळल्या नाहीत. तेव्हा त्यांना घाई नव्हती, कोणी नोटीस काढलेली नव्हती. आपण हे काम सवडीने करून घ्यावे : सर्वांत जुना कागद, बहुधा शाळा सोडल्याचा दाखला, आधार मानून बाकीची नावे त्याच्याशी जुळवून घ्यावीत, आणि मूळ कागद कोणाच्याही हाती न देता साक्षांकित प्रती द्याव्यात.